एका बाजूची धार

दोष थोरल्या काकांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याचं नुकसान झालं तो हे जन्मात सांगणार नाही. त्याला विचारलंत तर मान खाली घालून "माझंच चुकलं" म्हणेल आणि चपला घालून बाहेर निघून जाईल. म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

मी कलमाचा चाकू बोलतोय. मिटवून खिशात टाकता येतो असा, लाकडी मुठीचा, दिसायला अगदी साधा. फळं कापायच्या चाकूत आणि माझ्यात फरक काय, असं तुम्हाला वाटेल. फरक इतकाच, की मला एकाच बाजूने धार आहे. होती. माझा एक गाल उतरता आणि दुसरा पाटीसारखा सपाट. सपाट गाल काडीवर टेकवायचा आणि एका ओढीत काप घ्यायचा. असे दोन काप एकमेकांना भिडवले की मधून उजेड दिसत नाही.

कलम म्हणजे तरी काय? एका झाडाची काडी घ्यायची, तिला पाचरीसारखं तासायचं, दुसऱ्या रोपाच्या खुंटाला चीर देऊन ती त्यात बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. काप सपाट असला तर दोघं एक होतात. केसभर फट राहिली तर हवा शिरते आणि काडी वाळते. झाडाची समजूत घालता येत नाही. माणसांची घालता येते, म्हणून माणसांचे सांधे फटी ठेवूनही वर्षानुवर्षं टिकतात. ते कसे टिकतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

मला एका लोहाराने करवतीच्या मोडक्या पात्यातून घडवलं. तापवलं, ठोकलं, तासलं आणि शेवटी पाणी दिलं. पाणी देणं म्हणजे लालबुंद पोलाद एकदम बुडवून कडक करणं. हे पाणी अंगात आहे तोवर धार टिकते. ते उतरलं की चाकू नुसता दिसायला चाकू, बाकी पत्रा.

मला घडवून घेणारा माणूस एका रोपवाटिकेचा मालक होता. तो भट्टीशेजारी उभा राहून सांगत होता, धार एकाच बाजूला हवी. लोहार म्हणाला, "दुसरी बाजू रुसेल की." मालक म्हणाला, "रुसू दे. तिला कामच नाही." पुढे तो मालक हयात असेपर्यंत मी त्याच्याच खिशात होतो. त्याने मला कधी कुणाला दिलं नाही, कुणी मागितलंही नाही. तेव्हा मला वाटायचं, सगळी माणसं अशीच असतात.

मालक गेला आणि रोपवाटिका त्याची बायको बघू लागली. तिला सगळे मावशी म्हणायचे. कुंड्या घ्यायला येणारे म्हातारेसुद्धा तिला मावशीच म्हणायचे आणि ती त्यांना "बोला, बाळांनो" म्हणून गप्प करायची. तिने मला बरीच वर्षं वापरलं. मग तिचे हात थरथरायला लागले. थरथरत्या हाताने सपाट काप येत नाही. तिने मला मिटवून गल्ल्याशेजारच्या खणात ठेवलं, सुतळ्या आणि वाळलेल्या बियांच्या पुड्यांमध्ये. तिथे मी नुसता पडून होतो.

मग वकील आला.

त्याचं नाव वकील नाही. तो वकिलीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेला होता. वर्गात मास्तर समोरचं छापील पुस्तक तसंच्या तसं वाचून दाखवत होते, तेव्हा हा मध्येच उठून बाहेर पडला आणि परत गेलाच नाही. घरच्यांनी तेव्हापासून त्याला 'वकीलसाहेब' म्हणायला सुरुवात केली. वडील म्हणायचे, "वकीलसाहेब, आंघोळीची तारीख पडली का?" आई म्हणायची, "वकीलसाहेब जेवणार का अपील करणार?" हसून हसून पोरगं सोलून काढायचं, ही त्या घरातली पद्धत. रोपवाटिकेत हे नाव त्याने स्वतःच कधीतरी सांगितलं आणि तिथेही तेच चिकटलं. फरक एवढाच, की मावशी ते नाव घ्यायची तेव्हा त्यात टोमणा नसायचा.

सुरुवातीला तो माती चाळायचा, पिशव्या भरायचा. एकदा मावशीने सहज त्याच्या हातात मला दिलं आणि एक फालतू फांदी पुढे केली. त्याचा हात आधी घाबरला. दुसऱ्या कापाला स्थिरावला. तिसरा काप मावशीने नखाने चाचपून बघितला आणि आणखी फांद्या आणून टाकल्या.

हंगाम सरला तेव्हा तिने मला त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "आता हा तुझा. पण एक ऐक. दात घासायचा ब्रश आणि हा, दोन्ही कुणाला द्यायचं नाही."

तो हसला. म्हणाला, "नाही देणार, मावशी."

त्याच्याकडे आणखी दोघे होते. एक वाकड्या पात्याचा, छाटणीचा. दुसरा अगदी बारका, गुलाबाचे डोळे भरायचा, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवायचा. मी तिसरा. चष्म्याच्या एका जुन्या डबीत आम्ही तिघे झोपायचो. कामावरून आला की तो खिडकीत बसून आम्हाला पुसायचा, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, पात्याची उघडझाप करून बघायचा. वडील पेपरातून मान वर करून म्हणायचे, "एवढी कायद्याची पुस्तकं पुसली असतीस तर आज नावाची पाटी लागली असती." तो पुसत राहायचा.

आता त्या घराबद्दल. घरात आई, वडील आणि वडिलांचे मोठे भाऊ, म्हणजे थोरले काका. काकांचं पंख्यांचं आणि मिक्सरचं दुकान. घरात शेवटचा शब्द काकांचा, मधला शब्द काकांचा आणि पहिला शब्द काढायचा असेल तर तोही काकांना विचारून. काका वाईट नव्हते. हेच तर माझ्या डोक्यात बसत नाही. वाईट असते तर सगळं किती सरळ झालं असतं. ते सगळ्यांच्या उपयोगी पडायचे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, कुणाची अडलेली कामं करून द्यायचे. फक्त दुसऱ्याची वस्तू आणि आपली वस्तू यांच्यात एक रेघ असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. टॉवेल कुणाचाही असो, अंग काकांचं.

एकदा घरात बैठक बसली. वकील तिथेच होता, मी त्याच्या खिशात. काका म्हणाले, पोरगं झाडं लावत बसलंय, ठीक आहे, हा हंगाम जाऊ दे. त्या बाईने कायमचं काम दिलं, कलमांची शेड हातात दिली, तर आपण कुणी बोलणार नाही. नाही दिली, तर गुपचूप दुकानात यायचं. वडील "दादा म्हणतात ते बरोबर" म्हणाले. ते नेहमीच तसं म्हणायचे. काकांनी उद्या घड्याळाला कॅलेंडर म्हटलं असतं तर वडिलांनी त्यात वार बघितला असता. आई म्हणाली, "काकांनी केवढं समजुतीने घेतलं, बघ." वकील "हो" म्हणाला. खिशात त्याने मला इतकं आवळलं की माझा सांधा करकरला.

त्याला दुकानात जायचं नव्हतं. एवढं एकच त्याला आयुष्यात नक्की माहीत होतं.

पण घरात कुणी काही मागितलं की ह्या पोराला काय व्हायचं कोण जाणे. पहिल्यांदा दाजींनी मागितलं. दाजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा. मित्रांबरोबर फिरायला चालले होते. "तो वाकडा दे रे, शेकोटीला काटक्या तोडायला बरा पडेल." वकिलाची बोटं डबीवर घट्ट बसली. पण तोंड म्हणालं, "न्या की, दाजी." मी डबीत होतो. मला कळेना की ह्यातला खरा माणूस कुठला, बोटांतला की तोंडातला.

वाकडा परत आला नाही. विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, पडला असेल कुठेतरी, झाडीत काय एकेक गोष्ट शोधत बसायची का. ताई नंतर वकिलाला आत बोलावून म्हणाली, एवढ्याशा चाकूसाठी तोंड पाडून बसू नकोस, त्यांना वाईट वाटेल. म्हणजे ज्याने हरवला त्याला वाईट वाटू नये आणि ज्याचा हरवला त्याने हसतमुख राहावं. हा कुठला कायदा? वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असेल तर मला माहीत नाही, आम्ही ते वर्ष बघितलेलं नाही.

मग बारक्याचा नंबर लागला. वडिलांनी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला तो घेतला. न विचारता. टोक मोडलं. वडिलांनी तो पुसून, मिटवून जसाच्या तसा डबीत ठेवला, जणू काही झालंच नाही. ज्या माणसाने पोराला आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं, त्याने चोरपावलांनी डबीचं झाकण लावलं. मी शेजारीच होतो. सकाळी वकिलाने बारक्याला उघडलं, मोडक्या टोकावरून बोट फिरवलं आणि वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "तकलादू वस्तू आणतोस." झालं. खटला निकालात.

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. ह्या घरात भीड फक्त लहानांनी बाळगायची होती आणि भीकही त्यांच्याच वाट्याला होती.

आता मी एकटा उरलो.

रोपवाटिकेच्या कोपऱ्यात पेरूचं एक जुनं झाड होतं. मावशीच्या नवऱ्याने लावलेलं. त्याला फळं फार यायची नाहीत, पण जी यायची ती आतून गुलाबी, बिया नखाएवढ्या जागेत गोळा झालेल्या, आणि वास असा की पिशवी बांधून नेलं तरी रस्त्यावरचे लोक मागे वळून बघायचे. असं झाड दुसरीकडे कुठेही नव्हतं. त्याचं कलम करायचं मावशी दर हंगामात म्हणायची आणि पुढच्या हंगामावर ढकलायची. झाड कुठे पळून जातंय, असं तिला वाटत होतं.

झाडाला मर लागली. हा रोग मुळातून येतो आणि झाड एकेक फांदी करून वाळत जातं. औषध ओतलं, माती बदलली, काही उपयोग झाला नाही. शेवटी एकच फांदी धड हिरवी राहिली. मावशीने वकिलाला झाडाखाली उभं केलं आणि सांगितलं, आठवडाभरात ह्या फांदीच्या काड्या काढून जमतील तेवढी कलमं बांध. ही जगली तर शेड तुझी. मी काही दुसरी परीक्षा घेणार नाही.

त्याच संध्याकाळी थोरले काका दारात आले. त्यांच्या दुकानाच्या काचेवर जुन्या जाहिराती चिकटून वाळल्या होत्या, त्या खरवडायच्या होत्या.

"तो तुझा चाकू दे रे जरा."

"काका, हा कामाचा आहे. स्वयंपाकघरातली सुरी देऊ का?" वकील म्हणाला. मी खिशात ताठ झालो. एवढं तरी तो बोलला होता.

"मग आम्ही काय खेळायला मागतोय?"

आतून आईचा आवाज आला, "दे रे, मोठे मागतायत." वडिलांनी पेपराचं पान उलटलं. त्या पानामागे अख्खा माणूस लपला होता.

वकील म्हणाला, "काका, उद्या परत द्याल ना? मला लागणार आहे."

"अरे, खाऊन टाकणार आहे का मी तो?"

आणि त्याने मला दिलं. बोटं सुटायला तयार नव्हती. काकांनी जरा ओढलंच. त्यांना वाटलं असेल, खिशाच्या शिवणीत अडकलाय.

मावशीला दिलेला शब्द त्याला आठवत नव्हता का? आठवत होता. त्याच्या तळहाताला घाम आला होता, तो मला लागला होता. मग दिलं का? मी हे स्वतःला किती वेळा विचारलंय. पडलेल्या झाडाचं कारण मुळाशी सापडतं. ह्याचं मूळ कुठे शोधायचं?

काकांच्या दुकानात मी काच खरवडली. काचेवर पोलाद घासल्याचा आवाज तुमच्या दातांना सहन होत नाही, मग माझं काय झालं असेल ते बघा. काम झालं की काकांनी मला परत पाठवायला हवं होतं. पण तेवढ्यात खोकी आली. माझ्याने त्यांच्यावरच्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या. कापल्या म्हणजे उचकटल्या. मग वायरी सोलल्या. मग माझ्या धारेला खाचा पडल्या आणि काकांनी मला गल्ल्यावर कागद उडू नये म्हणून ठेवलं.

वकील मधल्या दिवसांत दोनदा दुकानात आला. काकांनी त्याला चहा पाजला. मी समोर होतो, त्याची नजर माझ्यावर होती. तो पंख्यांबद्दल बोलला, हवेबद्दल बोलला, काकांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि निघून गेला. ज्यांनी ताकाला जाऊन भांडं लपवलं ते निदान ताक मागायला तरी गेले होते. हा स्वतःचंच भांडं मागायला आला आणि रिकाम्या हाताने गेला.

मग काकांना माझ्या खाचा दिसल्या. इथे त्यांनी मला तसंच परत दिलं असतं तर वकिलाने दगडावर घासून मला पुन्हा माणसात आणलं असतं. पण काकांचं तत्त्व होतं, दुसऱ्याची वस्तू परत करताना नीट करून द्यावी. जन्मात पहिल्यांदा त्यांना रेघ आठवली, आणि नेमकी तेव्हा आठवायला नको होती.

दुकानासमोर सायकलला चाक लावून धार लावणारा उभा होता. काकांनी मला उघडलं, दोन्हीकडून फिरवून बघितलं आणि हसायला लागले. "अरे, ह्याला एका बाजूला धारच लावलेली नाही. अर्धवट पोराचा अर्धवट चाकू. पुरा करून दे रे हा."

चाक फिरलं. माझा सपाट गाल त्याने खाल्ला. ठिणग्या उडाल्या, मी तापलो, तापत गेलो, आणि पातं निळसर झालं. लोहाराने दिलेलं पाणी त्या रस्त्यावर उतरलं. काका शेजारी उभे राहून कौतुकाने बघत होते. ओरडायला मला तोंड नव्हतं, आणि असतं तरी काय ओरडणार? माझं कुणी वाईट करत नव्हतं. माझं भलं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला कागदात गुंडाळून घेऊन आले. नेमक्या त्याच सकाळी मावशीचा निरोप आला होता, हिरव्या फांदीची पानं पिवळी पडायला लागलीत, आजच्या आज काड्या काढ. वकील दारातच होता.

काका म्हणाले, "घे. तू अर्धवट ठेवला होतास, मी पुरा करून आणलाय. वस्तू न्यावी तर अशी परत करावी."

आई म्हणाली, "बघ, आणि तू उगाच कुरकुरत होतास."

वकिलाने मला उघडलं. एका नजरेत त्याला सगळं कळलं. सपाट गालावरचा नवा उतार, पात्यावरची निळी झाक, सगळं. मी वाट बघत होतो, आता तरी हा बोलेल. वर्गात मास्तरांसमोरून उठून जाणारा मुलगा हाच ना?

तो म्हणाला, "छान झालाय, काका."

छान. मी अजून तो शब्द उलटसुलट करून बघतोय. त्यालाही दोन्ही बाजूंनी धार लावलेली असावी.

शेडमध्ये गेल्या गेल्या त्याने मला दगडावर धरलं. घासत राहिला. पण गेलेला गाल घासून परत येत नाही, तो आणखी जातो. धार यायची आणि दोन काड्यांनंतर वळायची. त्याने दाढीचं पातं घेऊन बघितलं. कोवळ्या काडीला ते चालतं, पण आजारी झाडाच्या काड्या जून आणि कडक होत्या, पातं लचकत होतं. छाटणीचा वाकडा कुठल्यातरी झाडीत गंजत होता. बारक्याला टोक नव्हतं. काड्या ओल्या गोणपाटात पडल्या होत्या आणि झाडावर आता काढण्यासारखी एकही उरली नव्हती.

मावशी पलीकडेच कुंड्यांना पाणी घालत होती. तिला हाक मारायला किती वेळ लागला असता?

त्याने माझ्यानेच काप घेतले. प्रत्येक काप मधोमध खोलगट येत होता. तो पुन्हा तासायचा, काडी आखूड व्हायची, पुन्हा तसंच. शेवटी त्याने त्या तशाच बसवल्या, पट्टी खूप घट्ट गुंडाळली, जणू आवळून फट बुजते. वरून पिशव्या चढवल्या आणि हात धुतले.

नंतर जे झालं ते मला सगळ्यांत क्रूर वाटतं. काड्यांना कोंब फुटले. हिरवे, टपोरे. मावशी रोज काठी टेकत येऊन बघायची आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायची. घरी आईने शेजारच्या बाईला सांगितलंसुद्धा, आमच्याकडचा आता शेड सांभाळणार. वकील हसायचा आणि मला खिशात चाचपायचा. त्याला माहीत होतं. काडीच्या अंगात थोडा रस असतो, तेवढ्यावर ती हिरवी होते. सांधा जुळला नसला तरी होते. रस संपला की संपलं.

दरम्यान पेरूचं झाड मेलं. ते मुळासकट उपटून जाळावं लागलं, रोग पसरू नये म्हणून. मावशी धुराकडे बघत उभी होती. म्हणाली, "जाऊ दे. पोरं आहेत त्याची."

मग कोंब काळे पडायला लागले. एक, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी रांग. मावशी आली. तिने एका रोपाची पट्टी सोडली, काडी उपसली आणि उजेडात धरून कापाकडे बघत राहिली. दुसरी उपसली. मग हात पुढे केला. वकिलाने मला तिच्या हातावर ठेवलं.

तिचे हात थरथरत होते, पण तिच्या अंगठ्याला मी पाठ होतो. तिने माझ्या सपाट गालावरून अंगठा फिरवला आणि तो मध्येच थांबला.

"ह्याला दोन्हीकडून धार कुणी लावली?"

त्याने खाली पडलेली पट्टी उचलून बोटाला गुंडाळली.

"कुणाला दिला होतास का?"

मी मनातल्या मनात म्हणत होतो, सांग. काकांना, म्हण. दोन शब्द. पण त्याच्यासमोर दोन गुन्हे उभे होते. मावशीचा शब्द मोडून चाकू दिला, हा एक. घरातल्या मोठ्या माणसाचं नाव बाहेर घेणं, हा दुसरा. लहानपणापासून दुसराच मोठा म्हणून शिकवलेला. तो त्यांच्यामधून वाट काढायला गेला आणि तिसराच गुन्हा कबूल करून बसला.

"कुणाला नाही दिला, मावशी. मीच लावली."

"तू?"

"मला वाटलं, जास्त चांगला कापेल."

मावशीने पुन्हा एकदा पात्यावरून अंगठा फिरवला. चिडली असती तर बरं झालं असतं. ती गोंधळली होती, माझ्यासारखीच. मग हळू म्हणाली, "कुणाला दिला असतास ना, तर मी तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि लोहाराकडून दुसरा घडवून आणला असता. माणूस भिडेला बळी पडतो, मला काय कळत नाही? पण हे तू स्वतः केलंस म्हणजे तुला काहीच कळलं नाही. ज्याला हे कळत नाही त्याच्या हातात मी झाडं कशी देऊ?"

त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. आता खरं सांगितलं तरी चालणार होतं. उलट खरं सांगितलं तरच चालणार होतं. त्याने तोंड मिटलं.

मावशीने मला मिटवलं आणि त्याच्या हातात परत दिलं. म्हणाली, "घेऊन जा. ह्याचा मला उपयोग नाही." ह्याचा म्हणजे कुणाचा, हे तिने सांगितलं नाही.

घरी बैठक पुन्हा बसली. काका चिडले नाहीत. मायेने म्हणाले, "अरे, होतं असं. झाडांचं काय, लागली तर लागली. आपलं दुकान आहे ना?" वडील म्हणाले, दादा आहेत म्हणून. आईने काकांना आणखी एकदा चहा करून दिला. वकील जमिनीकडे बघत होता. मी त्याच्या खिशात होतो आणि ह्या वेळी त्याच्या हाताने मला आवळलंही नाही.

आता मी दुकानाच्या काउंटरला सुतळीने बांधलेला असतो. येणारा-जाणारा कुणीही मला घेतो. माझ्याने खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या कापतात, प्लॅस्टिक फाडतात, दाजी आले की नखंही कोरतात. परवा काका एका गिऱ्हाईकाला मला दाखवून सांगत होते, "पोराने हा अर्धवट ठेवला होता. मी पुरा केला, म्हणून आज कामाला येतोय." आणि वकील शिडीवर उभा राहून पंख्याची पाती पुसत होता. आम्हाला पुसायचा तशी, हलक्या हाताने.

मला कळत नाही. काकांवर चिडावं तर ते प्रेमाने वागले. वकिलावर चिडावं तर त्याने दुसऱ्याचा दोष अंगावर घेतला, आणि माणसं म्हणतात की ते मोठेपण असतं. मावशीवर चिडावं तर तिने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं. मग माझं पाणी नेमकं कुणी काढलं? सुरुवातीला मी छातीठोकपणे सांगितलं, काकांनी. अजूनही तेच म्हणतो. पण म्हणताना आवाज आता तेवढा सरळ येत नाही.

तुम्ही कुणाची जिवापाड जपलेली वस्तू मागायला जाल तेव्हा त्याचं तोंड काय म्हणतंय ते ऐकू नका. त्याचा हात बघा. हात सोडत नसेल तर रिकामे परत या. आणि वस्तू तुमची असेल, तर एकदा, एकदाच, हात म्हणतोय ते तोंडाला म्हणू द्या.

बाकी त्याला काय किंमत पडली, ते सांगून संपवतो. गुलाबी पेरूचं ते झाड आता कुठेच नाही. आणि तो पंखे विकतो.